पॉडकास्ट ट्रेलर

पॉडकास्ट ट्रेलर म्हणजे एखाद्या पॉडकास्ट मालिकेची ओळख करून देणारी, साधारणतः अर्ध्या ते तीन मिनिटांची स्वतंत्र ध्वनिफीत होय. मालिका कशाविषयी आहे, ती कोणाच्या आवाजात ऐकायला मिळेल आणि श्रोत्याने तिच्यासाठी वेळ का काढावा, एवढे ट्रेलरमधून कळणे अपेक्षित असते. बहुधा मालिकेचा पहिला भाग प्रसिद्ध होण्याच्या काही दिवस आधी तो प्रसिद्ध केला जातो. मराठीत यासाठी 'झलक' हा शब्दही वापरला जातो. मात्र ध्वनिमाध्यमात काम करणाऱ्यांमध्ये 'ट्रेलर' हाच शब्द रूढ आहे.

ट्रेलर आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर दोन गोष्टींत फरक आहे. भागाच्या आरंभी येणारे पाहुण्याचे एखादे चटकदार वाक्य ही त्या भागापुरती झलक असते. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला वाजणारी धून आणि ठरावीक निवेदन हे मालिकेचे शीर्षकनिवेदन असते. मालिका अजून एकदाही न ऐकलेल्या व्यक्तीला उद्देशून केलेली असते ती ट्रेलर. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक ट्रेलर फसतात, कारण त्यांत मालिकेच्या जुन्या श्रोत्याशी बोलल्यासारखे बोललेले असते.

नाव आणि पूर्वपीठिका

'ट्रेलर' हा शब्द चित्रपटसृष्टीतून आला. अमेरिकेत १९१३ मध्ये निल्स ग्रॅनलुंड यांनी मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांत 'द प्लेझर सीकर्स' या संगीतिकेची जाहिरात करणारी छोटी फीत दाखवली. ती पहिली ट्रेलर मानली जाते. अशा फिती सुरुवातीला मुख्य चित्रपटाच्या मागून दाखवल्या जात, म्हणून 'मागून येणारी' या अर्थाचे हे नाव पडले. पुढे त्या चित्रपटाच्या आधी दाखवल्या जाऊ लागल्या, तरी नाव तेच राहिले. त्याच वर्षी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. सुरतेला त्याच्या जाहिरातीत फाळके यांनी कथेविषयी बोलण्याऐवजी सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तीन आणे दर असा हिशेब मांडल्याचे प्रसिद्ध आहे. तेथील प्रेक्षकाला लांबलचक चालणाऱ्या नाटकाची सवय होती. त्याच्या मनातली शंका 'पैसे वसूल होतील का' ही होती आणि जाहिरातीने नेमके तिलाच उत्तर दिले.

मुख्य प्रयोगाआधी श्रोत्याला आपलेसे करून घेण्याची रीत भारतीय परंपरेत याहून कितीतरी जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकापूर्वीच्या विधींना पूर्वरंग म्हटले असून त्यात 'प्ररोचना' नावाचे एक अंग सांगितले आहे. प्रेक्षकाच्या मनात पुढील प्रयोगाविषयी रुची निर्माण करणे हे तिचे काम. संस्कृत नाटकातील आणि पुढे मराठी संगीत नाटकातील सूत्रधार-नटीचा प्रवेश याच जातीचा आहे. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात विषय मांडून उत्तररंगात आख्यान लावले जाते. गावोगाव फिरणाऱ्या तमाशा मंडळांची आणि तंबूतल्या सिनेमाची गाडी कर्णा लावून दुपारभर फिरे. त्यात आज रात्रीचा वग कोणता, मुख्य कलावंत कोण, तिकीट किती, एवढेच दोन-तीन मिनिटांत आणि पुन्हा पुन्हा सांगितले जाई. पॉडकास्टच्या ट्रेलरला या कर्ण्याच्या गाडीकडून शिकण्यासारखे बरेच आहे. रस्त्यावरच्या माणसाला गाडी ऐकू येते ती फार तर काही क्षण, हे त्या निवेदकाला पक्के ठाऊक असते.

केवळ ध्वनीतून केलेल्या ट्रेलरचे भारतातील सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे विविध भारतीवरील चित्रपटांचे प्रायोजित कार्यक्रम. विविध भारती ही आकाशवाणीची सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर व्यापारी जाहिराती प्रसारित होऊ लागल्या. त्यानंतर प्रदर्शित होऊ घातलेल्या हिंदी चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे कार्यक्रम तिच्यावर लागू लागले. अमीन सयानी यांच्यासारखे निवेदक संवादांचे तुकडे आणि गाण्यांची कडवी एकमेकांत गुंफत आणि कथा ऐन वळणावर आणून सोडून देत. चित्र एकही नसताना चित्रपटगृहापर्यंत माणूस नेण्याचे हे काम होते. पॉडकास्टकर्त्यांनी चित्रपटांच्या आजच्या ट्रेलरपेक्षा हे कार्यक्रम अभ्यासावेत, कारण दृश्य ट्रेलरची दर दोन सेकंदांना तुटणारी जोडणी कानाला समजत नाही.

'पॉडकास्ट' हा शब्द ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन'मध्ये वापरला. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टचा समावेश केला. ट्रेलरला स्वतंत्र तांत्रिक ओळख मात्र २०१७ मध्ये मिळाली.

फीडमधील स्थान

पॉडकास्ट आरएसएस फीडच्या साहाय्याने वितरित होते. फीड ही एक मजकूरफाइल असते. तीत प्रत्येक भागाचे नाव, वर्णन, दिनांक आणि ध्वनिफितीचा दुवा असतो. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत या फीडसाठी काही नवी खूणपदे आणली. त्यांतील एका पदाने भागाचा प्रकार सांगता येतो: पूर्ण भाग, ट्रेलर किंवा बोनस. ट्रेलर म्हणून खूण केलेली फीत ॲपल पॉडकास्ट्समध्ये मालिकेच्या पानावर ठळकपणे वेगळी दिसते. ट्रेलरला हंगामाचा क्रमांक जोडल्यास ती त्या हंगामाची ठरते. 'पॉडकास्टिंग २.०' या खुल्या उपक्रमाच्या नामावलीतही ट्रेलरसाठी स्वतंत्र पद आहे.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की, फीत चढवताना होस्टिंग सेवेच्या अर्जात 'भागाचा प्रकार' या चौकटीत 'ट्रेलर' निवडावे लागते. हे राहून गेले तर ट्रेलर पहिला भाग म्हणून मोजली जाते. वर्षभरानंतर नवा श्रोता पहिल्या भागापासून ऐकू लागतो तेव्हा त्याला 'लवकरच येत आहे' असे ऐकू येते.

ट्रेलर आधी प्रसिद्ध करण्यामागे आणखी एक साधे कारण आहे. नवी मालिका ॲपल, स्पॉटिफाय आदी मंचांच्या सूचीत येण्यासाठी फीडमध्ये निदान एक फीत असावी लागते आणि मंजुरीला काही वेळ लागू शकतो. ट्रेलर चढवून ही वाट आधीच मोकळी करून घेता येते. मुखचित्र नीट दिसते का, नाव देवनागरीत बरोबर उमटते का, दुवा उघडतो का, हेही पहिल्या भागाची वेळ येण्यापूर्वी तपासून होते. शिवाय ट्रेलर ऐकून ज्यांनी मालिका 'फॉलो' केली, त्यांच्यापर्यंत पहिला भाग प्रसिद्ध होताच पोहोचतो.

आशय

चांगल्या ट्रेलरचा गाभा म्हणजे एक प्रश्न किंवा एक तणाव, जो मालिका ऐकल्याशिवाय सुटणार नाही. विषयाचे नाव म्हणजे प्रश्न नव्हे. 'आमच्या गावाचा इतिहास' हा विषय झाला. त्यात ऐकणाऱ्याला अडवून धरणारे काही नाही. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. पळसिद्ध महास्वामींचा मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचे स्थान म्हणून ते परिसरात परिचित आहे. १८व्या शतकाच्या राजकारणात या गावाला वेगळे महत्त्व आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. मोगल बादशहा मुहम्मदशाहाने दख्खनची सुभेदारी मुबारिझखानाकडे देऊ केली होती. निजाम ती सोडण्यास तयार नव्हता. मुबारिझखान मारला गेला, निजामाची दख्खनवर पकड बसली आणि पुढे १९४८ पर्यंत चाललेल्या हैदराबाद राज्याचा पाया घातला गेला. विजयानंतर निजामाने गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले, असे सांगितले जाते.

समजा, या गावातील काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लढाईवर सहा भागांची मालिका करायची आहे. पहिल्या प्रयत्नात ट्रेलर बहुधा अशी होते:

"नमस्कार! मी आणि माझे मित्र आपल्या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. आम्ही घेऊन येत आहोत एक नवीन पॉडकास्ट. साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातील एक ऐतिहासिक गाव आहे. या गावाला फार मोठा इतिहास लाभलेला आहे. या मालिकेत आम्ही विविध विषयांवर चर्चा करणार आहोत. तर नक्की ऐका, लाइक करा, शेअर करा."

यात चूक असे काही नाही. पण 'ऐतिहासिक', 'फार मोठा इतिहास', 'विविध विषय' हे शब्द महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला लागू पडतात. गावाचे नाव काढून दुसरे घातले तरी मजकुराला धक्का लागत नाही. ट्रेलर तपासण्याची ही एक सोपी कसोटी आहे. दुसरी अडचण क्रमाची. श्रोत्याला अजून काहीच मिळालेले नसताना पंधरा-वीस सेकंद स्वागतात जातात आणि तेवढ्यात बोट पुढच्या गोष्टीकडे वळलेले असते.

याच सामग्रीतून असाही मसुदा होऊ शकतो:

"ऑक्टोबर १७२४. वऱ्हाडातल्या एका गावाजवळ दोन फौजा समोरासमोर आल्यात. एकीकडे मुबारिझखान. दख्खनची सुभेदारी तुझी, असं त्याला दिल्लीहून कळवलंय. दुसरीकडे निजाम-उल्-मुल्क. सुभेदारी सोडायची नाही, हे त्यानं ठरवलंय. या लढाईतून दोघांपैकी एकच जिवंत परतणार आहे.

जिंकला तो निजाम. त्यानं उभं केलेलं हैदराबादचं राज्य सव्वादोनशे वर्षं चाललं. जिंकल्यावर त्यानं या गावाचं नाव बदललं, असं सांगतात. नवं नाव, फत्तेखेर्डा. फत्ते म्हणजे विजय. पण आज तुम्ही एसटीनं इथं उतरलात, तर ते नाव कुणी घेत नाही. लोक म्हणतात, साखरखेर्डा. जिंकलेल्याचं राज्य राहिलं, त्यानं दिलेलं नाव का राहिलं नाही? सहा भागांत आम्ही ते शोधणार आहोत. जुन्या कागदांत, आणि गावातल्या माणसांच्या बोलण्यात. मालिकेचं नाव आहे 'साखरखेर्डा १७२४'. दर शुक्रवारी, तुम्ही पॉडकास्ट ऐकता तिथं. 'साखरखेर्डा १७२४'."

हा मजकूर सावकाश वाचला तर सुमारे एका मिनिटात बसतो. लढाईचा निकाल येथे लपवलेला नाही, ही गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. निकाल कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळतो. त्याभोवती गूढ उभे केले तर जाणकार श्रोता हसेल. न सुटलेला प्रश्न नावाचा आहे आणि तो गावाबाहेरच्या माणसालाही कळतो. गावाचे नाव मध्यावर येते, तोपर्यंत ते जाणून घेण्याची इच्छा निर्माण झालेली असते. मालिकेचे नाव दोनदा उच्चारले आहे, कारण ऐकणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसत नाही. विद्यार्थ्यांची स्वतःची नावे यात नाहीत. ती पहिल्या भागात येतील. अपवाद एवढाच की, निवेदक प्रसिद्ध असेल किंवा विषयाशी त्याचे नाते हेच मालिकेचे कारण असेल, तर त्याची ओळख ट्रेलरमध्ये आली पाहिजे.

लेखी मराठीतील 'त्याने', 'केलेले' यांच्याऐवजी येथे 'त्यानं', 'केलेलं' अशी बोलीतील रूपे घेतली आहेत. प्रमाण लेखी रूपे मोठ्याने वाचताना निवेदनाला बातमीपत्राचा सूर येतो. वाक्येही आखूड आहेत: कानाला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही, म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यात चार उपवाक्ये आली की अर्थ निसटतो.

आश्वासन आणि प्रामाणिकपणा

ट्रेलर हे श्रोत्याला दिलेले आश्वासन असते. वरील मसुद्यात 'नाव का राहिलं नाही' असे विचारल्यावर मालिकेला त्या प्रश्नाशी झटावेच लागते. उत्तर निर्विवाद सापडले नाही तरी चालते. शोध प्रामाणिक असावा लागतो. म्हणून अनुभवी निर्माते निदान दोन-तीन भाग ध्वनिमुद्रित झाल्यावरच ट्रेलर लिहितात. आधी ट्रेलर आणि मग मालिका असा क्रम ठेवला की ट्रेलरमधला प्रश्न एकीकडे आणि भाग दुसरीकडे अशी स्थिती होते.

मोह कोठे होतो हे याच उदाहरणात दिसते. 'लढाई कुठे झाली असं गावात विचारलं, तर प्रत्येक जण वेगळी दिशा दाखवतो' हे वाक्य ट्रेलरमध्ये घालावेसे कोणालाही वाटेल. ते नाट्यमय आहे आणि ऐकताक्षणी खरे वाटते. पण विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात गावात फिरून दहा जणांना विचारले असेल आणि तशी उत्तरे ध्वनिमुद्रित झाली असतील, तरच ते वाक्य त्यांचे आहे. अन्यथा ती रचलेली गोष्ट ठरते, आणि ज्या गावाविषयी ती रचली ते गाव मालिका ऐकणार असते. स्थानिक इतिहासाच्या मालिकेला हा धोका शहरी गप्पांच्या मालिकेपेक्षा अधिक असतो. अशी मालिका एकदा खोटी ठरली की पुढच्या वेळी कागद दाखवायला आणि आठवणी सांगायला कोणी दार उघडत नाही.

दुसरा प्रश्न मुलाखतींतील तुकड्यांचा. एखाद्या वृद्ध व्यक्तीने दीड तासाच्या बोलण्यात एकदाच रागाने किंवा हुंदका देऊन उच्चारलेले वाक्य ट्रेलरसाठी सर्वांत प्रभावी असते. मुलाखतीला दिलेली संमती आणि जाहिरातीसाठी ते एक वाक्य सुटे काढून वापरण्याला दिलेली संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. निवडलेला तुकडा त्या व्यक्तीला ऐकवून विचारणे, हा सभ्य मार्ग आहे. धर्म, जात किंवा जमिनीचा वाद यांवरील वाक्य असेल तर तो टाळू नये. संदर्भातून सुटलेले दहा सेकंद व्हॉट्सॲपवर गावभर फिरू लागले की निर्मात्याला ते परत बोलावता येत नाहीत आणि परिणाम भोगावा लागतो तो बोलणाऱ्याला.

लांबी

लांबीविषयी पक्का नियम नाही. कथनप्रधान मालिकांना दीड ते तीन मिनिटे लागतात, कारण वातावरण उभे करावे लागते. गप्पांच्या किंवा माहितीपर मालिकेला एक मिनिट पुरते. संथ मराठी निवेदनात मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बसतात. पण प्रत्येकाची गती निराळी असल्यामुळे मजकूर घड्याळ लावून वाचून पाहणे बरे. कापायला लागल्यावर प्रथम विशेषणे जावीत, मग स्वागत, मग आभार.

भाषा

प्रमाण मराठी की बोली, हा निर्णय मालिकेचाच असतो, पण तो ट्रेलरमध्ये पहिल्यांदा उघड होतो. सिंदखेडराजा तालुका वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवर आहे. पलीकडे जालना जिल्हा लागतो. तेथील बोलण्यात दोन्हीकडच्या छटा असणे स्वाभाविक आहे. मालिका त्या बोलीत असेल तर ट्रेलरही त्याच बोलीत हवी. ट्रेलर पुणेरी वळणाची आणि भाग वऱ्हाडी असा प्रकार झाला तर दोन्हीकडचे श्रोते बुचकळ्यात पडतात. बोली केवळ विनोदापुरती वापरणे हेही मराठी ध्वनिमाध्यमातील जुने दुखणे आहे. गंभीर विषयावरची ट्रेलर बोलीत ऐकायला मिळाली, तर तेवढ्यानेच ती वेगळी उठून दिसेल.

ध्वनिमुद्रण आणि पातळी

श्रोता ट्रेलर बहुधा फोनच्या छोट्या स्पीकरवर, कधी चालत्या बसमध्ये ऐकतो. म्हणून आवाज स्पष्ट असणे हे संगीतापेक्षा महत्त्वाचे. महागडा मायक्रोफोन नसला तरी चालते. खोली मात्र नीट निवडावी लागते. उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांनी तो घुमणे कमी होते. पंखा बंद ठेवावा, इन्व्हर्टरची घरघर ऐकू येते का ते पाहावे आणि फोन विमान-स्थितीत टाकावा. तोंडापासून मायक्रोफोन वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवल्यास 'प', 'फ', 'भ' या वर्णांचा फटका बसत नाही. महाप्राण वर्णांची संख्या पाहता मराठी निवेदकाला हे विशेष सांभाळावे लागते.

पार्श्वध्वनी असावा तर त्या जागेचाच असावा. आठवडी बाजाराचा गलका, एसटीचा आवाज, देवळातली घंटा हे मोबाइलवरही मुद्रित करता येतात आणि तयार ध्वनिसंग्रहातल्या तलवारींच्या खणखणाटापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतात. लढाईवरच्या ट्रेलरमध्ये घोड्यांच्या टापा घालण्याची इच्छा आवरणे कठीण असते, ती आवरावी.

जोडणी झाल्यावर एकूण ध्वनिपातळी समान करावी लागते. ॲपल पॉडकास्टसाठी उणे १६ एलयूएफएस ही पातळी, एक डेसिबल इकडेतिकडे, सुचवते आणि सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगते. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएस धरून आवाज जुळवते. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ही पातळी आकडा देऊन बसवता येते. निवेदनाखाली संगीत असेल तर ते इतके खाली ठेवावे की छोट्या स्पीकरवर एकही शब्द बुडणार नाही.

संगीत आणि हक्क

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार साहित्यकृती व संगीतकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, ही बाब मराठी निर्मात्यांच्या हमखास नजरेतून सुटते. संतांचा अभंग सर्वांचा आहे. पण विसाव्या शतकातील संगीतकाराने त्याला लावलेली चाल आणि एखाद्या कंपनीने काढलेली त्याची ध्वनिमुद्रिका सर्वांची असेलच असे नाही. 'फक्त दहा सेकंद वापरले तर चालते' हा समज सर्वत्र आढळतो. कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. ट्रेलर ही जाहिरात असल्यामुळे समीक्षा किंवा अध्यापनासाठी असलेल्या सवलतींचा आधारही तिला सहसा मिळत नाही. गावातील भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीतला अभंग म्हणवून घेणे, त्यांची लेखी परवानगी घेणे आणि वर्णनात त्यांचा उल्लेख करणे, हा उपाय स्वस्तही आहे आणि ट्रेलरला गावचा आवाजही देतो.

प्रसार

ट्रेलर केवळ स्वतःच्या फीडवर ठेवली तर ती ऐकणार कोण, हा रास्त प्रश्न आहे. ज्यांचे श्रोते आधीपासून आहेत अशा दुसऱ्या मालिकेच्या फीडवर ती वाजवणे हा पॉडकास्ट क्षेत्रातील परिणामकारक मार्ग मानला जातो. 'सीरियल' या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग ऑक्टोबर २०१४ मध्ये 'धिस अमेरिकन लाइफ' या आधीच लोकप्रिय असलेल्या कार्यक्रमात ऐकवला गेला होता आणि तेथून तिला मोठा श्रोतृवर्ग मिळाला. मराठीत इतिहास, शेती, साहित्य अशा विषयांवरील छोट्या मालिकांनी एकमेकांच्या ट्रेलर वाजवण्यास खर्च काहीच येत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र प्रसाराचे खरे साधन व्हॉट्सॲप आहे आणि त्याची रीत वेगळी आहे. तेथे ध्वनिफीत पुढे पुढे पाठवली जाते तेव्हा तिच्यासोबतचा दुवा आणि मजकूर मागेच राहतो. चौथ्या गटात पोहोचलेल्या फितीला ना नाव असते ना पत्ता. म्हणून मालिकेचे नाव आणि ती कोठे मिळेल हे फितीतच उच्चारलेले असले पाहिजे. स्टेटससाठी ट्रेलरमधील छोटा तुकडा मुखचित्रावर बसवून वेगळा करावा लागतो. मुखचित्रावरची अक्षरे तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर वाचता येतील एवढी ठळक हवीत.

शोध घेणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. अनेक मराठी भाषक रोमन कळफलकावरून शोधतात. नाव देवनागरीत ठेवून वर्णनात त्याचे रोमन रूप दिल्यास दोन्ही प्रकारे मालिका सापडते. साखरखेर्डा या नावाची तर इतिहासाच्या पुस्तकांत शकरखेडा, शक्करखेडा अशी रूपे येतात. तीही वर्णनात असावीत.

मराठीतील स्थिती

बीबीसी मराठीच्या 'तीन गोष्टी' व 'गोष्ट दुनियेची' यांसारख्या वृत्तसंस्थांच्या मालिका, नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलसारख्या सेवा आणि 'अमुक तमुक'सारखे गप्पांचे कार्यक्रम यांमुळे मराठीत पॉडकास्ट ऐकण्याची सवय वाढली. यांतील बराचसा व्यवहार आता यूट्यूबवर दृश्य स्वरूपात चालतो. तेथे भागाच्या आरंभी पाहुण्याची तीन-चार धक्कादायक वाक्ये जोडण्याची पद्धत पडली आहे. मालिकेची म्हणून स्वतंत्र ट्रेलर करण्याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. प्रसिद्ध पाहुणा असेल तर त्याचे नावच ट्रेलरचे काम करते. ज्या मालिकेत नावाजलेले कोणी नाही, जिच्यात विषय हाच पाहुणा आहे, तिला ट्रेलरवाचून दुसरा आधार नसतो.

परिणाम पाहणे

ॲपल आणि स्पॉटिफाय निर्मात्यांना प्रत्येक फीत किती जणांनी आणि कोठपर्यंत ऐकली हे दाखवतात. ट्रेलरच्या बाबतीत एकूण ऐकण्यांपेक्षा गळतीचा क्षण अधिक सांगून जातो. पहिल्या दहा सेकंदांत बरेच जण निघून जात असतील तर सुरुवात बदलावी. शेवटपर्यंत ऐकूनही पहिल्या भागाकडे कोणी वळत नसेल तर बहुधा मालिकेचे नाव किंवा पुढे काय करायचे हे नीट कळलेले नसते. मोजक्या श्रोत्यांच्या मालिकेत हे आकडे डळमळीत असतात. त्यापेक्षा विषयाशी संबंध नसलेल्या चारपाच जणांना ट्रेलर एकदाच ऐकवून 'ही मालिका कशाविषयी आहे?' असे विचारणे अधिक उपयोगी पडते. मालिका चालू असताना ट्रेलर बदलता येते आणि बदलावी: पहिला भाग आल्यानंतर 'लवकरच' हा शब्द आणि मालिका संपल्यानंतर 'दर शुक्रवारी' हे शब्द काढून नवी फीत चढवण्यास अर्धा तास पुरतो.